एक ओळ खाली

जुबैलच्या पोर्टा केबिनमध्ये एसी
दिवसभर खोकतो, बादलीत थेंब टाकतो.
माझ्यासमोर एकशे शहात्तर माणसं,
एका ओळीत एक.
नाव ए रकान्यात, इकाम्याची तारीख एचमध्ये,
मधे रक्तगट, बुटाचा नंबर, खोली, बंक.

साहेब म्हणाले, तारखा बघत बसायला वेळ कुणाला,
संपत आली की नावच लाल होऊ दे.

म्हणजे दुखणं एचमध्ये
आणि पुरळ ए वर.

नियम एवढासाच.
बरोबरचं चिन्ह, डॉलर, एच, दोन,
पेक्षा कमी,
मग टुडे. टुडेपुढे कंस, आणि कंसात काहीच नाही.
आज म्हणजे तेवढंच.
अधिक तीस.
डॉलरचा इथे पैशाशी संबंध नाही,
पगार रियालमध्येच येतो, तोही उशिरा.
डॉलर फक्त खिळा ठोकतो:
रंग कुठेही पडो, बघायचं एचकडेच.

मी दोनच्या जागी एक लिहिलं.

एकवीस नावं लाल झाली.
साहेबांनी चहा मागवला.
काम संपत आलेलं; लाल म्हणजे नवा इकामा नाही,
लाल म्हणजे तिकीट.
बेचाळिसावी ओळ, अब्दुल सत्तार धनसे, पाइप फिटर,
बाणकोटच्या खाडीकाठचे.
हेल्मेट काखेत धरून आले,
सही कुठे करायची, एवढंच विचारलं.

चौथ्या दिवशी ओबैदुल दिसला.
नवा पोरगा. इकामा निघालाच नव्हता, एच रिकामा.
रिकाम्याला हे यंत्र शून्य समजतं
आणि शून्य कायमच आजच्या आधी.
तो लाल हवा होता.
तो पांढरा. त्याच्या खालचा लाल.

तेव्हा अंगातून कळ गेली.
प्रत्येकाच्या नावावर वरच्याची तारीख उतरत होती.

धनसेंच्या वर तिलक राना, परांच्या बांधणारा.
यादी मी खोल्यांच्या क्रमानं लावलेली.
खोली अकरा: वरच्या बंकावर तिलक,
खालच्या बंकावर धनसे.
वर सांडलेलं पाणी खालच्याच्या अंथरुणात.

एकाचा दोन केला.
लाल एक पायरी वर चढलं, पाय न वाजवता.

सांगायला मीच गेलो, टाकीपाशी.
पलीकडे तिलक दोरीवर डांगरी पिळून टाकत होता.
मला वाटलं, धनसे निःश्वास सोडतील.
ते मोबाइलकडे बघत राहिले, तो बंद होता.
"घरी सांगून बसलोय," म्हणाले.
"पोरीनं काल दाराच्या बेलचे सेल बदलून घेतले.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
बायकोनं पैशाचं काही विचारलं नाही.
ये म्हणाली फक्त."
मग दोरीकडे मान करून, हळू:
"याला आज नका सांगू.
आज भाताची पाळी त्याची आहे,
कच्चा ठेवील."

एकशे बाराव्या ओळीत मी.
तारीख मीच भरलेली, नियम मीच लिहिलेला.
सकाळी शीट उघडली की आधी तिथे बघतो.
पांढरं असतं.
बरं वाटतं की वाईट, ते ठरवायला
वेगळा रकाना लागेल.

एकदा जोडूनही पाहिला. क्यू.
वर शीर्षक काय द्यावं, सुचेना.
बेचाळीसच्या समोर लिहिलं, बेलचे सेल.
एक्केचाळीसच्या समोर, भात.
एकशे बाराच्या समोर कर्सर लुकलुकत राहिला,
तेवढ्यात साहेब आत आले.

पुसला नाही, लपवला.
शीटमध्ये आता पी नंतर थेट आर येतो.
अजून कुणी विचारलेलं नाही.